उष्ण हवेचे श्वसनयंत्र : एका फसलेल्या उपायाचा बोध

रोगनिवारणाच्या इतिहासात यशस्वी ठरलेल्या उपायांची माहिती पाठ्यपुस्तकांत सहसा मिळते. फसलेल्या उपायांची मिळत नाही. वस्तुतः विज्ञानाची रीत समजावून घेण्यास फसलेला उपायही तितकाच उपयोगी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्षयरोगावर योजलेले उष्ण हवेचे श्वसनयंत्र हा असाच एक उपाय होय. तो कोणत्या निरीक्षणातून निघाला, त्यामागचा तर्क काय होता आणि तो का टिकला नाही, हे पाहिल्यास प्राथमिक शिक्षकांना विज्ञान व आरोग्य या दोन्ही विषयांच्या अध्यापनास चांगली सामग्री मिळेल.

भट्टीवरील कामगार

मुंबईच्या उपनगरांत कुर्ल्याला लागून चुनाभट्टी नावाची वस्ती आहे. चुना भाजण्याच्या भट्ट्यांची आठवण या नावातच जपली गेली आहे. अशा भट्टीवर काम करणारा मनुष्य दिवसभर कोरडी, तापलेली हवा श्वासावाटे घेत असतो. १८८८ च्या सुमारास जर्मनीतील हाल्टर नावाच्या डॉक्टराने तेथील चुनाभट्ट्यांवरील कामगारांविषयी एक निरीक्षण मांडले. या कामगारांत फुफ्फुसाचा क्षय जवळजवळ आढळत नाही असे त्याचे म्हणणे होते, आणि याचे श्रेय त्याने उष्ण हवेला दिले.

या कल्पनेला त्या काळी विशेष वजन येण्याचे कारण होते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. हा जंतू शरीराच्या उष्णतेला, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सियसला उत्तम वाढतो आणि ४२ अंशांच्या पुढे त्याची वाढ खुंटते, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. शत्रू कोण हे कळले होते, त्याचे मर्मही कळले होते; मात्र त्यास मारणारे औषध कोणाजवळ नव्हते. मग फुफ्फुसातच उष्णता का पोचवू नये, हा विचार साहजिकच पुढे आला.

यंत्र व त्याची परीक्षा

बर्लिनच्या लुई वायगेर्ट यांनी हा विचार यंत्राच्या रूपाने प्रत्यक्षात आणला. यंत्राचे तत्त्व साधे होते. ज्योतीने तापविलेल्या धातूच्या पात्रातून हवा जाऊ द्यावयाची आणि ती कोरडी तप्त हवा रोग्याने तोंडातील नळीवाटे ओढून घ्यावयाची. या हवेचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सियस, प्रसंगी त्याहूनही अधिक ठेवीत. रोगी दररोज दीर्घकाळ या यंत्रापुढे बसे. इतकी तप्त हवा घेऊनही तोंड वा घसा पोळत नाही, हे पाहून लोकांस आश्चर्य वाटे. उपायाची वार्ता लवकरच युरोपाबाहेर पोचली.

अमेरिकेत सॅरनॅक लेक येथे एडवर्ड ट्रूडो हे डॉक्टर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालवीत होते. ते १८८४ साली स्थापन झाले होते. ट्रूडो स्वतः क्षयाने पीडित होते; उपाय सापडावा याची तळमळ त्यांच्याइतकी थोड्यांनाच असेल. तरीही त्यांनी यंत्राच्या कीर्तीवर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा घेतली. रोग्यास बरे वाटते की नाही, एवढेच त्यांनी विचारले नाही. रोग्याच्या बेडक्यातील जंतू मेले की जिवंत आहेत, हे त्यांनी तपासले. जंतू जिवंतच होते. हा निष्कर्ष त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केला. यंत्राची चलती पुढे फार काळ राहिली नाही.

उष्णता गेली कोठे?

तोंडापाशी १५० अंश असलेली हवा फुफ्फुसाला तापवू शकली नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे.

मनुष्य स्वस्थ असताना एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. १५० अंशांना तापलेल्या अर्ध्या लिटर हवेचे वजन जेमतेम ०.४२ ग्रॅम भरते. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे ०.२४ उष्मांक लागतो. म्हणून ही हवा १५० अंशांवरून ३७ अंशांवर येताना सुमारे ११ उष्मांक उष्णता देते. उलटपक्षी, शरीराच्या तापमानास एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० उष्मांक लागतात. तेव्हा ते ११ उष्मांक शोषून घेण्यास ०.०२ ग्रॅम पाणी वाफ झाले तरी पुरे. पाण्याच्या एका थेंबाचे वजन साधारणतः ०.०५ ग्रॅम असते. म्हणजे अर्ध्या थेंबापेक्षाही कमी पाण्याने त्या सर्व उष्णतेचा निकाल लागतो!

तोंड, घसा व श्वासनलिका यांचे अस्तर सदैव ओले असते आणि त्यामागे रक्त अखंड वाहत असते. कोरडी हवा आत शिरताच या ओलाव्याची वाफ होते व हवा निवते. जी थोडी उष्णता उरते ती रक्त वाहून नेते. फुफ्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांपर्यंत हवा पोचते तेव्हा ती शरीराच्या तापमानाचीच झालेली असते. मातीच्या माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने फुफ्फुसाचे रक्षण होते.

दुसरीही एक चूक तर्कात होती. जंतूची वाढ थांबणे आणि जंतू मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुधातील क्षयजंतू मारण्यासाठी दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवावे लागते. मनुष्याचे शरीर तितके तापविता येत नाही. जंतू मरण्यापूर्वी रोगीच मरेल.

निरीक्षणातील दोष

मग भट्टीवरील कामगारांत क्षय आढळत नव्हता, त्याचे काय? याचे उत्तर शोधण्यास कुर्ल्याचेच उदाहरण घ्यावे. १८८६ साली जमशेटजी टाटा यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी विकत घेतली व तिला 'स्वदेशी' हे नाव दिले. ही गिरणी आता बंद झाली आहे. मुंबईच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. उकाडा तर असेच. कापूस पिंजण्याच्या खात्यात तंतूंची धूळ उडे आणि ती वर्षानुवर्षे छातीत गेल्याने दम लागण्याचा निराळा विकार जडे. राहण्यास चाळीतील एक खोली व तीत अनेक माणसे. क्षय पसरण्यास याहून अनुकूल स्थिती ती कोणती?

तथापि अशा गिरणीच्या हजेरीपटावर एखाद्या दिवशी नजर टाकली असती, तर क्षयाने खंगलेले कामगार थोडेच दिसले असते. कारण उघड आहे. ज्याच्या अंगी बळ उरले नाही त्याचे काम सुटे, आणि तो कोकणातल्या वा देशावरच्या आपल्या गावी परते. हजेरीपटावर उरत ते धडधाकट. आजारी मनुष्य पटावरून गेला. आजार गेला नाही. तो त्याच्याबरोबर गावी गेला आणि घरातील मुलाबाळांत पसरला. भट्टीचे काम तर अधिकच कष्टाचे. ज्याला खोकला धरला तो तेथे टिकणार नाही. यास्तव कामावर असलेल्यांनाच मोजून काढलेला निष्कर्ष भरवशाचा ठरत नाही. जे दिसतात त्यांच्याबरोबर जे निघून गेले त्यांचीही गणना झाली पाहिजे.

हा नियम शाळेसही लागू आहे. वर्गात बसलेली सर्व मुले निरोगी दिसतात, एवढ्यावरून गाव निरोगी ठरत नाही. महिनाभर गैरहजर असलेल्या मुलाची चौकशी केल्यावाचून हजेरीपट आरोग्याची साक्ष देऊ शकत नाही.

वाफाऱ्याविषयी सावधगिरी

उष्ण हवेचे यंत्र लोप पावले, तरी छातीच्या विकारास ऊब हाच उपाय, ही समजूत घरोघरी आहे. पडशाने नाक चोंदले असता वाफाऱ्याने काही वेळ मोकळे वाटते, हे खरे. परंतु वाफाऱ्याने क्षय बरा होत नाही, आणि वाफ ही कोरड्या हवेसारखी निरुपद्रवीही नाही. वाफेचे पाणी होताना ती दर ग्रॅममागे सुमारे ५४० उष्मांक बाहेर टाकते. १०० अंशांची अर्धा लिटर वाफ पाणी होऊन शरीराच्या तापमानावर येताना सुमारे १८० उष्मांक देते. १५० अंशांची तेवढीच कोरडी हवा अवघे ११. कोरडी हवा ओलावा घेऊन स्वतः निवते, वाफ आपली उष्णता त्वचेवर ओतते. २०२० व २०२१ च्या साथीत वाफारा घेताना पोळल्याच्या घटना अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजतात, हा धोका तर नित्याचाच आहे. लहान मुलास उकळत्या पाण्यावर ओणवे बसवू नये.

खरा उपाय

उष्ण हवा फसल्यावर निर्मळ हवा, विश्रांती व सकस आहार यांवर भर देणारी आरोग्यधामे हाच मुख्य आधार उरला. महाराष्ट्रात डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणी येथे असे आरोग्यधाम काढले. जंतूवर थेट मारा करणारे औषध मात्र १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनच्या शोधाने लाभले. १९५२ साली आयसोनियाझिड आले व पुढे रिफॅम्पिसिन. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोकाही पोचत नाही. या एका निष्कर्षाने उपचार खेड्यातील झोपडीपर्यंत नेण्याचा मार्ग खुला झाला.

आज साध्या क्षयावर सहा महिन्यांचा औषधक्रम असून तो शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतो. पोषणासाठीचे शासकीय साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये करण्यात आले. दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून औषध सोडल्यास उरलेले जंतू औषधास दाद देईनासे होतात. ट्रूडो यांचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो : बरे वाटणे निराळे, जंतू मरणे निराळे.

शिक्षकांनी काय करावे

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप, वजन घटणे वा न वाढणे, ही लक्षणे दिसलेल्या मुलाच्या पालकांस प्राथमिक आरोग्यकेंद्रात तपासणीसाठी जाण्यास सांगावे. घरात कोणास क्षय झाला असल्यास त्या घरातील सर्व मुलांची तपासणी अवश्य करवावी.

२. काढा, शेक, वाफारा यांवर महिने घालविणाऱ्या पालकांस दुखवू नये. घरगुती उपायाने मुलास आराम वाटत असेल तर तो हिरावून न घेता, तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढाच आग्रह धरावा.

३. उपचार सुरू झालेल्या मुलास वर्गात एकटे पाडू देऊ नये. मूल शाळेत केव्हा परतावे हे डॉक्टरांनी ठरवावे. परतल्यावर त्याची जागा त्यास मिळावी, हे शिक्षकाने पाहावे.

४. वरच्या वर्गात पुढील प्रयोग करून दाखवावा. दोन सारखे तापमापक घ्यावे. एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळावी, दुसरा कोरडा ठेवावा. दोहोंना पुठ्ठ्याने वारा घालावा. ओल्या तापमापकातील पारा खाली उतरेल. पारा का उतरला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे आणि मग बर्लिनच्या यंत्राची हकीकत सांगावी. १५० अंशांची हवा अर्ध्या थेंबाने कशी निवविली, याचे गणित मुलांनी फळ्यावर स्वतः सोडवावे.

उपाय सांगणारा कितीही थोर असो, 'हे तपासले कोणी, आणि कसे?' हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना या पाठातून लागली, तर गावात उद्या येणाऱ्या प्रत्येक नव्या उपायाच्या वेळी ती त्यांच्या कामी येईल.