छोट्या ट्रकचा प्लग

ट्रकचे प्लग घरी बदलायचे म्हटले की जाणकार आधी हसतात. आपल्या रस्त्यांवरचे मोठे ट्रक बहुतेक डिझेलचे आणि डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की दाबानेच तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. काहींत प्लग दिसतो खरा, पण तो थंडीत ऊब देणारा. मात्र भाजी नि मंडपाचे सामान वाहणारे जे छोटे ट्रक गल्लीबोळांत फिरतात, त्यांतले पुष्कळ आता पेट्रोल किंवा सीएनजीवर चालतात. मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी.

माझ्या भाच्याकडे अशी चार सिलिंडरची गाडी आहे. पहाटे मार्केट यार्डात भाजी भरायची आणि दुकाने उघडायच्या आत पोचवायची. मध्यंतरी ती चढावर धक्के देऊ लागली. ‘मामू, मिसिंग मारतेय,’ एवढेच तो म्हणाला. गॅरेजात गाडी सोडली की दिवसाची रोजी बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हे काम आम्ही सुट्टीच्या दिवशी अंगणातच करतो. पाना तो फिरवतो, हातात आणून मी देतो.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या टाकाव्या लागतात. आम्हा कवींना जन्मभरात चार साधल्या तरी पुष्कळ! ही ठिणगी साधारण एक मिलिमीटरच्या फटीतून उडते. वापराने टोक झिजते, फट वाढते आणि ठिणगी चुकू लागते. सीएनजी पेटवायला विजेचा दाब अधिक लागतो, म्हणून दमलेला प्लग आधी गॅसवर रडतो. दुर्लक्ष केले तर न जळलेले इंधन धुराच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. प्लग काही शे रुपयांचा, तो कन्व्हर्टर हजारोंचा.

इंजिन पूर्ण थंड हवे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. गरम असताना जोर लावला तर आटे जातात. गॅसचा व्हॉल्व्ह बंद करावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. या गाडीचे इंजिन सीटखाली असल्याने सीट उचलली की काम समोर येते, आणि रस्त्याची सगळी धूळही. प्लग सैल करण्याआधी खाच हवा मारून साफ करावी. आत पडलेला खडा सिलिंडर ओरखडतो. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. ओढायचे ते टोपण, वायर नव्हे.

निघालेला प्लग फेकू नका, वाचा. हा भाग मला सर्वांत आवडतो. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. तेलकट असेल तर ऑइल आत झिरपते आहे आणि नव्या प्लगने तो आजार जाणार नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन फार तापते आहे.

आमच्या पिढीच्या दुकानदारांच्या तोंडी अजून ‘मायको प्लग’ असतो. १९५१ साली सुरू झालेल्या त्या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, बोली काही बदलली नाही. नाव कोणतेही असो, नंबर मात्र गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. लांबी चुकली तर पिस्टनला धोका. फट फिलर गेजने तपासावी.

नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा. दोन फेऱ्यांत अडला तर आटे तिरके बसले आहेत. काढून पुन्हा लावा, पान्याला हात लावू नका. तळाला टेकल्यावर वॉशरचा नवा प्लग साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात. पुस्तिकेत टॉर्क दिला असेल तर तोच खरा. इथे तरणी पोरे ताकद दाखवतात आणि पुढच्या वेळी प्लग हेडमध्येच तुटतो.

काढलेले चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर खोचून ठेवावेत, शेजारी किलोमीटर लिहावेत. गाडी तरीही मिस मारली तर मिस्त्रीला आधी तो पुठ्ठा दाखवायचा.