संख्यांची घराणी : लेखांक ९ – मंचेरियलचा पिन

मंचेरियलच्या पत्त्यात शेवटी ५०४२०८ येतं. १५ ऑगस्ट १९७२ला देशात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी केली टपाल खात्यातले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिल्या अंकावरून विभाग कळतो, पहिल्या तिन्हींवरून टपाल छाननीचा जिल्हा, आणि शेवटच्या तिन्हींवरून टपाल कार्यालय. २०१६ साली मंचेरियल आदिलाबादपासून वेगळा जिल्हा झाला, पिन मात्र तोच राहिला.

पत्ता बाजूला ठेवून आज ही नुसती संख्या म्हणून पाहू. तिला २ने चारदा नि:शेष भाग जातो आणि ३१५१३ उरतात. ही मूळ संख्या आहे. पडताळायला १७३पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण पुढच्या १७९चा वर्गच ३१५१३हून मोठा. या भागाकारांत १३ आणि १०१ अगदी दारापर्यंत येतात. दोन्ही वेळा बाकी फक्त १!

पण खरी गंमत अंकांच्या बेरजेत आहे, आणि ती पाहायची देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी शिकवली. १९३० ते १९६२ शाळेत शिकवत असतानाच त्यांनी हे संशोधन केलं. ६१७४मुळे त्यांचं नाव जगभर झालं. मला मात्र त्यांच्या स्वयंभू संख्या जास्त मोलाच्या वाटतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ची २४ होते. अशी कोणापासूनच न जन्मलेली संख्या ती स्वयंभू. शंभराच्या आत अशा १३ आहेत, २० त्यांतलीच.

५०४२०८ला जनक आहे : ५०४१८५. अंकांची बेरीज २३, ती मिळवली की मंचेरियलचा पिन हजर. आणि हा जनक स्वतः स्वयंभू आहे, म्हणजे घराणं एका पिढीतच मुळाशी पोचतं.

आता बल्लारशाहच्या वाटेवरचं मंदामर्री हे सिंगरेणीच्या कोळशाचं गाव घ्या. पिन ५०४२३१. जनक शोधू. ५०४१९९ घेतली तर ५०४२२७ येतात, कमी पडतात. तिच्या आधीच्या संख्या तर आणखी मागे राहतात. ५०४२००पासून ५०४२०९पर्यंत दोन-दोनच्या उड्या मारत ५०४२११ ते ५०४२२९ मिळतात. ५०४२१० ते ५०४२१९ या दहांतून फक्त सम संख्या निघतात. आणि ५०४२२० घेतली की थेट ५०४२३३. २२९ आणि २३३ यांच्या मधल्या फटीत मंदामर्रीचा पिन बसलाय. तिथे कोणीच पोचत नाही, म्हणून तो स्वयंभू.

त्यापुढच्या बेल्लमपल्लीचा पिन ५०४२५१. त्याला जनक आहे आणि एकच आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत शोधून ठेवा.