वस्तूंचे आयुष्य

आपल्या अहिल्यानगर शहरातील तांबट-कासारांची भांडी एके काळी दूरवर प्रसिद्ध होती. लेकीला लग्नात दिलेला तांब्याचा हंडा पुढे तिच्या नातवंडांच्याही उपयोगी पडे. हंड्याला पोचा आला, तर तांबट तो ठोकून काढी. भोक पडले, तर डाक देई. स्वयंपाकाच्या पातेल्याची कल्हई उडाली, की कल्हईवाला ते तापवून, नवसागर टाकून त्यावर कथिलाचा नवा थर चढवी. भांडे अगदीच निकामी झाले, तरी मोडीत वजनाप्रमाणे पैसे मिळत.

आज घरोघरी मिक्सर, इस्त्री, पंखा अशी साधने आली आहेत. त्यांनी माणसाचे कष्ट वाचविले, हे खरे. परंतु त्यांतील कित्येक थोड्याच वर्षांत बिघडतात आणि दुरुस्त करणारा म्हणतो, "आता नवीनच घ्या." असे का व्हावे?

या बाबतीत विजेच्या दिव्याची हकीकत बोधप्रद आहे. १९२४ साली जगातील मोठ्या दिवे-कारखानदारांनी जिनीव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला. त्या काळी पुष्कळसे दिवे १,५०० ते २,००० तास टिकत. दिवा जितका टिकाऊ, तितकी विक्री कमी! म्हणून संघाने दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरविले. सभासदांचे दिवे तपासले जात आणि ते अधिक काळ टिकल्यास दंड होई. तार अधिक तापविली, की उजेड चांगला पडतो, असे कारखानदार सांगत. त्यात तथ्य होते; पण टिकाऊपणाला दंड करण्यामागे नफ्याचा हेतू होताच. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा संघ मोडला. अशा रीतीने वस्तूचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे, यालाच 'नियोजित कालबाह्यता' म्हणतात. झाकण उघडता येऊ नये असे चिकटविणे किंवा सुटे भाग न पुरविणे, ही तिचीच रूपे होत.

तथापि प्रत्येक बिघाडामागे कपट असते, असे मात्र नाही. आपण केवळ स्वस्त वस्तू मागतो. मग कारखानदारही हलका माल वापरतो. समजा, ८०० रुपयांची इस्त्री २ वर्षे टिकली आणि १,५०० रुपयांची १० वर्षे टिकली, तर पहिलीचा खर्च वर्षाला ४०० रुपये पडतो. दुसरीचा अवघा १५०! परंतु ज्याच्या गाठी एका वेळी १,५०० रुपये नसतात, त्याला पहिलीच घ्यावी लागते. म्हणजे अखेर गरिबालाच अधिक पैसे मोजावे लागतात. म्हणून वस्तू दुरुस्त करता येणे हा केवळ सोयीचा नव्हे, न्यायाचाही प्रश्न आहे. २०२२ साली भारत सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती याचसाठी.

मुलांनो, घरात नवी वस्तू घेताना किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: हमी किती वर्षांची आहे? सुटे भाग मिळतात का? आपल्या गावात ती दुरुस्त होते का? आणि घेतलेली वस्तू जपून वापरा. कारण तिच्या आयुष्याचा काही भाग आपल्याही हाती असतो.