नाल्याकाठचा अर्जुन आणि त्याची साल

सिंदी (रेल्वे) भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे नाल्यांचे काठ ढासळतात आणि लगतच्या शेताची माती वाहून जाते. उत्तर अमेरिकेतील दलदलीत काठ सावरण्याचे काम बाल्ड सायप्रस हा सूचिपर्णी वृक्ष करतो. विदर्भात ते काम अर्जुनाचे होय.

अर्जुन अथवा अर्जुनसादडा ओळखणे कठीण नाही. खोड गुळगुळीत व पांढुरके असून त्याची साल पापुद्र्यांनी सुटते. त्याचा भाऊबंद ऐन; परंतु ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीसारखी असते. भंडारा-गडचिरोलीकडे या दोन्ही झाडांच्या पानांवर कोशाच्या अळ्या पोसल्या जातात.

अर्जुनाची साल आयुर्वेदात हृदयविकारावर प्रसिद्ध आहे. सालीचे चूर्ण दूध व पाण्यात घालून, पाणी आटेपर्यंत उकळून क्षीरपाक करतात. तथापि छातीत कळ आल्यास प्रथम दवाखानाच गाठावा. चालू असलेली औषधे सालीच्या भरवशावर बंद करणे जिवावर बेतू शकते.

सालीला गिऱ्हाईक आहे, आणि झाडाला खरा धोका तेथेच आहे. घाईने साल काढणारा मनुष्य खोडाभोवती पूर्ण कडे सोलतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते. तो मार्ग तुटला की मुळे उपाशी मरतात. झाड काही काळ हिरवे दिसते, म्हणून दोष कोणाच्या ध्यानी येत नाही; पुढे मुळे कुजली की काठ सुटतो. चार पैशांच्या सालीपायी शेताची माती गमावण्याचा हा व्यवहार आहे.

साल घ्यावयाचीच झाल्यास जुन्या, मोठ्या झाडाची घ्यावी. खोडाच्या एकाच बाजूस, घेराच्या चौथ्या हिश्श्याहून कमी रुंदीची उभी पट्टी काढावी व आतील कोवळा थर खोडावर राहू द्यावा. जखम भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावू नये. नाल्याच्या ऐन काठावरील झाडे तर सोडूनच द्यावीत.

नवीन लागवडीसाठी उन्हाळ्यात पाच पंखांची पक्व फळे गोळा करून, दोन दिवस पाण्यात भिजवून पिशव्यांत लावावीत. उगवण सावकाश होते. पिशव्या लवकर रिकाम्या समजून टाकू नयेत. ग्रामसेवकांनी रोपांना पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण करवून घ्यावे, कारण कोवळा पाला शेळ्या शिल्लक ठेवीत नाहीत.