नायट्रिक ऑक्साइड घटलं म्हणजे दाह कमी झाला का?

शिरूर-दौंड भागात रस्त्याकडेला, उसाच्या बांधावर गाजर गवत दिसतंच. १९५५ मध्ये पुण्यात याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. ते उपटणाऱ्यांपैकी काहींच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या लाल होतात, खाजतात. त्यामागचं मुख्य रसायन म्हणजे पार्थेनिन, एक सेस्क्विटर्पिन लॅक्टोन. गंमत म्हणजे याच गटातली रसायनं प्रयोगशाळेत ‘दाहशामक’ ठरतात. असं कसं?

आधी नायट्रिक ऑक्साइड (एनओ) समजून घेऊ. एल-आर्जिनीनपासून एनओ बनवणाऱ्या एन्झाइमचे तीन प्रकार आहेत. दोन कायम हजर असतात आणि थोडा थोडा एनओ बनवतात. तिसरं, आयनॉस, एरवी फारसं नसतंच. त्वचेत दाह सुरू झाला की टीएनएफ-अल्फा, इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश येतात, एनएफ-कप्पा-बी सक्रिय होतो आणि केराटिनोसाइट, मॅक्रोफेज या पेशी आयनॉस तयार करतात. मग तासन्‌तास भरपूर एनओ बनत राहतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, लाली आणि सूज वाढते.

आता आपला नेहमीचा प्रयोग. उंदराच्या रॉ २६४.७ मॅक्रोफेज पेशींना एलपीएस द्यायचं, सोबत वनस्पतीचा अर्क, २४ तासांनी ग्रीस अभिकर्मक. गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. रंग फिका आला की आपण खूश! पण थांबा.

१. ग्रीस चाचणी एनओ मोजत नाही. एनओ काही सेकंदांतच संपतो. आपण त्यापासून बनलेलं नायट्राइट मोजतो.

२. पेशी मेल्या तरी रंग फिकाच येतो. म्हणून सोबत एमटीटी चाचणी हवीच.

३. एनओ का घटला? पार्थेनोलाइडसारखं लॅक्टोन एनएफ-कप्पा-बी मार्गातल्या प्रथिनांच्या सिस्टीनला चिकटतं, म्हणून आयनॉस बनत नाही. पण हाच चिकटपणा त्वचेतल्या प्रथिनांनाही लागू होतो. रसायन चिकटलेलं प्रथिन टी-पेशींना परकं वाटतं आणि ॲलर्जी सुरू होते. प्लेटमध्ये टी-पेशी नसतात, त्यामुळे हा अर्धा भाग तिथे दिसतच नाही.

शिवाय जखम भरून यायलाही एनओ लागतो. म्हणजे कमी एनओ नेहमी चांगलाच असं नाही.

म्हणून तुमची वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली असेल तर त्यात असे लॅक्टोन आहेत का, हे आधी तपासा. आणि फक्त ग्रीस चाचणीवरून निष्कर्ष लिहिताना ‘अर्काने पेशींमधलं नायट्राइट घटवलं’ एवढंच लिहा. ‘त्वचारोगावर गुणकारी’ असं वाचून कुणीतरी तो पाला खरंच अंगाला चोळेल.