वाक्यपदीयातील बालक

भर्तृहरीने (इ. स. पाचवे शतक) शिक्षणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. तथापि बालकाच्या भाषाग्रहणासंबंधी वाक्यपदीयात ठिकठिकाणी आलेली विधाने एकत्र वाचली असता जी भूमिका हाती येते, ती प्राथमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी दुर्लक्षू नये अशी आहे. येथे अभ्यंकर व लिमये यांनी संपादिलेली, पुणे विद्यापीठाची १९६५ ची आवृत्ती समोर ठेवली आहे.

पहिल्या कांडातील प्रतिपादन असे की, शब्दाचा संस्कार बालकाच्या ठिकाणी आधीच असतो. एरवी श्वास वर सोडणे, जीभ योग्य स्थानी नेणे या पहिल्या हालचालींची उपपत्ती लागत नाही. दुसऱ्या कांडात तो विचारतो, वसंतात कोकिळाचा स्वर कोण पालटतो? घरटे बांधावयास प्राण्यांना कोणी शिकविले? हा संस्कार तो पूर्वजन्मीचा मानतो. ते न मानणाऱ्यालाही प्रश्न टाळता येत नाही. १९५९ साली स्किनरच्या ग्रंथाचे परीक्षण करताना चॉम्स्कीला तो निराळ्या भूमिकेवरून हाताळावा लागलाच.

भर्तृहरीच्या मते अर्थ स्फुरतो तो अखंड वाक्यातून. पद, प्रकृती, प्रत्यय ही शास्त्राने मागाहून केलेली फोड होय. तिला तो असत्य म्हणतो, पण टाकाऊ म्हणत नाही. शिकणाऱ्या बालकांसाठी योजलेला तो उपाय आहे, आणि असत्य वाटेनेच सत्याकडे जावयाचे असते. (एवढ्यावरून त्याला आधुनिक वाक्यपद्धतीचा पुरस्कर्ता ठरविणे मात्र अतिव्याप्तीचे होईल; त्याच्यासमोर लिपी नव्हे, वाणी होती.) 'क कमळाचा' हाही असाच एक उपाय. बाराखडी बिनचूक म्हणणारे मूल एखादे साधे वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगू शकत नाही, तेव्हा उपायालाच साध्य मानले गेलेले असते.

याहून महत्त्वाचा भाग अपभ्रंशाचा. बोबडे बोलणाऱ्या बालकाचा अस्पष्ट शब्द ऐकून जाणत्यांना स्पष्ट शब्दाचा निश्चय होतो, तसेच अपभ्रंश साधुशब्दाच्या द्वारे अर्थ देतो, असे तो प्रथम सांगतो. पण लगेच पुढे म्हणतो की, जेथे अपभ्रंशच परंपरेने रूढ झाला, तेथे साधुशब्द अवाचक ठरतो. पाणिनीय वैयाकरणाने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. अहिराणीला मराठीचा अपभ्रंश म्हणणे आज भाषाशास्त्रास मान्य होणार नाही. परंतु घरी 'आंडोर' ऐकत वाढलेल्या मुलापुढे पाठ्यपुस्तकातील 'मुलगा' येतो, तेव्हा जाणत्याच्या मध्यस्थीची गरज घरच्या शब्दाला नसून पुस्तकातल्या शब्दाला असते.