जर्नलमध्ये खोडलेलं ९.४

डेटा मी पहिल्यांदा बदलला तो बारावीत. बीड जिल्ह्यातलं एक ज्युनियर कॉलेज, प्रॅक्टिकलची घाई, आणि तुम्हीही केलेला तोच प्रयोग: ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. माझी तीन रीडिंग आली ९.४, ९.५, ९.४. मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये होतं १०.०. मी खोडरबर घेतलं. खरं तर त्या दिवशी सगळ्यांचंच रीडिंग कमी येत होतं आणि सगळ्यांनीच १०.० लिहिलं. मार्क पूर्ण मिळाले.

आता हे १०.० कुठून येतं ते बघा. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे १० मिली म्हणजे ०.५ मिलिमोल. समीकरणात ५ मोल ऑक्झॅलिक अ‍ॅसिडला २ मोल परमँगनेट लागतं, म्हणजे इथे ०.२ मिलिमोल. परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर बरोबर १० मिली. पण प्रयोगाचं उद्दिष्ट काय लिहिलेलं असतं? परमँगनेटची मोलॅरिटी काढा! उत्तर आधीच ठरवून टाकलं तर ब्युरेट भरायची तरी कशाला?

बरं, ९.४ ही हाताची चूक होती का? ब्युरेटवरची सगळ्यात लहान रेघ ०.१ मिलीची. हात हलला, शेवटचा थेंब जास्त पडला, तर रीडिंग कधी ९.९ येईल, कधी १०.१. इथे मात्र सगळी बॅच एकाच बाजूला ०.६ ने घसरली होती. असं झालं की चूक माणसात शोधू नका, बाटलीत शोधा.

बाटलीत काय होतं? त्या आठवड्यात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला होता, म्हणून लॅबमधल्या मामांनी ऑक्झॅलिकचं द्रावण बोअरच्या पाण्यात केलं. तळाशी पांढुरका थर बसलेला मी पाहिला होता. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. घरी पाणी तापवायच्या भांड्याला जो थर धरतो, तो त्याचाच. कॅल्शियमला ऑक्झॅलेट भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट तळाशी बसतं (मुतखडे बहुतेक याचेच असतात). समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम, आणि सगळा कॅल्शियममुळेच. म्हणजे लिटरला ३ मिलिमोल कॅल्शियम. ते तेवढंच ऑक्झॅलेट घेऊन खाली बसलं, की वरच्या नितळ द्रावणात ५० ऐवजी ४७ मिलिमोल उरतं. आम्ही पिपेट वरूनच भरत होतो. ४७ धरून हिशोब करून बघा. ९.४ येतं.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात मी सोल्युबिलिटी प्रॉडक्टची ढीगभर गणितं सोडवत होते, सीईटीसाठी. दहावीपर्यंत ‘अवक्षेप’ शिकले, अकरावीपासून ‘प्रेसिपिटेट’. पुस्तकातला प्रेसिपिटेट आणि बाटलीतला गाळ एकच आहे, हे काही डोक्यात आलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनो, दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

पण थांबा. आकडा जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही. ३०० हा आकडा मी सोयीने धरला. परमँगनेट कडक झालेलं असतं तरी रीडिंग कमीच आलं असतं. तपासायला काय करावं लागलं असतं? बाटली चांगली हलवून, गाळासकट पिपेट भरायची. सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये गरम केलं की तो गाळ विरघळतो आणि अडकलेलं ऑक्झॅलेट सुटतं. रीडिंग १०.० वर परत आलं तर दोष पाण्याचा. ९.४ वरच राहिलं तर परमँगनेटकडे बघायचं. दहा मिनिटांचं काम.

पुढे एम.एस्सी.त कळलं की कॅल्शियम मोजायची एक जुनी, नावाजलेली पद्धत हीच आहे: ऑक्झॅलेट म्हणून खाली बसवा, गाळून धुवा, गरम सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवा, परमँगनेटने टायट्रेट करा. म्हणजे त्या दिवशी आम्ही नकळत गावच्या बोअरचं कॅल्शियम मोजत होतो, आणि तो आकडा खोडत होतो.

आता पीएच.डी.च्या वहीत मी पेनने लिहिते. रीडिंग चुकलं वाटलं तर त्यावर एकच आडवी रेघ, आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण. पाणी कुठलं, बाटली कधी भरली, गाळ दिसला का, हेही त्याच पानावर. तुमच्या जर्नलच्या छापील तक्त्यात याला जागा नसेल. डावीकडचं कोरं पान असतं ना, तिथे लिहा.